सारखं

सोहारच्या बंदरात, पहिल्या मजल्यावरच्या ट्रेनिंग रूममध्ये
एसी इतका गार की काचेला बाहेरून घाम फुटलेला.
वर्षातून दोनदा हा विषय माझ्या वाट्याला येतो:
सर्वांना समान वागणूक. अर्धा दिवस, चहा धरून.
उपस्थिती सक्तीची.

तेवीस माणसं, सात भाषा.
भिंतीवर इंग्रजी स्लाइड, तोंडात माझं बंदरी हिंदी,
डोक्यात मात्र सगळं आधी मराठीत उमटतं,
मिरजेचं, हट्टी.
इक्वल. म्हणजे सारखं.

तेवढ्यात आई आठवते.
सारखं काय ते दार उघड-मीट करतोस!
तिथे सारखं म्हणजे न थांबता.
आणि पाहुणे यायच्या आधी, जा रे, ती चादर सारखी कर.
तिथे सारखं म्हणजे
सुरकुती दिसता कामा नये.

चौदाव्या स्लाइडला गुलजमीननं हात वर केला.
चार नंबरची क्रेन. सकाळी झुवैना, दुपारी रॉडेलिओ, रात्री मी.
कंटेनर तोच, वारा तोच,
वर गेल्यावर पोटात गोळा येतो, तोही तोच असणार.
मग पगाराची चिठ्ठी आधी पासपोर्ट का बघते?

मला रात्रपाळी मागूनही देत नाहीत, झुवैना म्हणाली,
काळजीपोटी.
भत्ता मात्र रात्रीचाच असतो.

रॉडेलिओ पेनाचं टोपण लावत-काढत राहिला.

माझा पगार गुलजमीनच्या दुपटीहून थोडा जास्त,
फेर्बेकसाहेबांच्या चौथाईही नाही.
जिन्यात मधेच उभा असलेला माणूस जे बोलतो तेच बोललो:
चांगला प्रश्न आहे, शेवटी घेऊ.
पंधरावी स्लाइड.

शेवटी खेळ होता, जागा बदलण्याचा.
मोफिजुल चहा घेऊन आला तेव्हा फेर्बेकसाहेब स्वतः उठले,
त्याच्या हातातला ट्रे घेतला, त्याला आपल्या खुर्चीत बसवलं.
माणूस वाईट नाही.
दोनदा चहा सांडला, सॉरी म्हणाले,
टाळ्या पडल्या, फोटो निघाला.
मोफिजुल खुर्चीच्या काठावर, पाठ न टेकता,
एसटीत तिकीट हरवलेला माणूस बसतो तसा.
बोला मॅनेजर, मी म्हटलं, पहिला हुकूम काय?
त्यानं खरंच विचार केला.
पँट्रीतला पंखा, म्हणाला,
रमजानपासून बंद आहे.

हशा पिकला. मीही हसलो,
आणि मग ते हसू कुठे ठेवावं कळेना.

सह्यांच्या कागदावर तेवीस नावं छापलेली.
खाली मी पेनानं चोविसावं लिहिलं:
मोफिजुल, जिल्हा फेनी, अकरा वर्षं.
कागद सोमवारी परत आला.
ठेकेदाराचा माणूस, आपल्या यादीत बसत नाही.
नावावरची रेघ पट्टी धरून मारलेली, अगदी सरळ.

पंखा मात्र चौथ्या दिवशी फिरायला लागला.
अहवालात तो कुठल्या रकान्यात भरायचा
ते अजून ठरत नाही.
गुलजमीनचा प्रश्न ‘शेवटी’ या शब्दाखाली
तसाच पडून आहे.

पण त्या दुपारी, सगळे गेल्यावर,
मी प्रोजेक्टर थंड व्हायची वाट बघत थांबलो होतो.
मोफिजुल आत आला. कप गोळा केले.
साहेबांनी सांडलेला चहा पुसला.
मग एकेक खुर्ची टेबलाखाली सरकवली,
झुवैनाची, रॉडेलिओची, साहेबांची,
दोन पावलं मागे जाऊन डोळा बारीक करून बघितलं.
एक जराशी पुढे होती,
ती गुडघ्यानं आत ढकलली.

काय करतोस, मी विचारलं, चुकून मराठीतच.
त्याला कळलं असावं.
तळहात आडवा धरून हवेत एक ओळ ओढली त्यानं.

खुर्च्या सारख्या करतोय.
रोज करतो.
सारखा.