वेढे

माझ्या फोनात सहाशे बारा व्हिडिओ होते,
एकट्या वाइंडिंगचे.
कुणी केरळातला, कुणी लुधियान्याचा,
एक तर तोंडच दाखवायचा नाही, नुसते हात,
स्वच्छ, नखं कापलेले.
भाषा कळायची नाही, तरी मी मान हलवायचो.
शिवाय चार ग्रुप. रोज पहाटे कुणीतरी तक्ता टाकायचं,
इतक्या एचपीला इतके वेढे.
मी तो जपून ठेवायचो
आणि कूस बदलायचो.
बत्तिसावं लागलं तेव्हा मला मोटरीतलं
सगळं ठाऊक होतं.

पारोळ्यात कजगाव रस्त्याला दगा आप्पाचं दुकान.
पत्र्याचं. आत वार्निशचा वास,
बसायला तेलाचा उलटा डबा.
गेलो होतो आईचा पंखा घेऊन,
पण दहा मिनिटं सांगतच राहिलो,
तार कुठल्या गेजची बरी, खाचेत कागद कोणता,
हल्ली जपानात कसं करतात.
आप्पा कानात काडी फिरवत ऐकत होता.
मग पायानंच एक जळकी मोटर माझ्याकडे सरकवली,
वर छिन्नी ठेवली.
"वाची वाची काय होस? हात घाल आते."

जळकी तार खाचेतून निघत नाही,
दगडासारखी धरून बसते,
हे सहाशे बारांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं.
की सांगितलं असेल,
मी दीडपट वेगानं पाहिलं असेल.
छिन्नी निसटली. अंगठ्याचं साल गेलं.
आप्पानं पाहिलं, आणि चहा मागवला. दोनच.
एक त्याचा, एक पंक्चरवाल्याचा.

"किती वेढा शेतस?"
त्रेपन्न, म्हणालो.
परत मोज.
छप्पन्न.
तिसऱ्यांदा बोट एकेका तारेवर ठेवत निघालो,
एकतीस, बत्तीस, तेवढ्यात खिशात फोन थरथरला,
नवा तक्ता आला असणार,
आणि मी तेहेतिसावर होतो की त्रेचाळिसावर
ते मोटरीलाच ठाऊक.
"तिले इचार," आप्पा म्हणाला,
"जयेल मोटर खोटं नही बोलस."

चाळीस वर्षांची त्याची एकच वही.
पुठ्ठा गेलेला, वर रबरी ट्यूबची पट्टी.
भिला तात्या, शेवगे, पाच एचपी, चोपन्न.
आधार न्हावी, पंखा.
उंदिरखेड्याची पिठाची गिरणी.
मधेच, त्याच सरळ अक्षरात,
चुकलं. परत भरली.
पाच पानांनी पुन्हा, चुकलं.
मी वही पालथी घालून बघितली,
बरोबर कसं करायचं
ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग चैत्र गेला, वैशाख लागला.
पारोळ्यात वार्निश वाळवायला भट्टी लागत नाही,
मोटर पत्र्यावर ठेवली की दुपारपर्यंत काम होतं,
उचलताना मात्र दोन फडकी लागतात
(हेही मी हातानंच शिकलो).
पहिली मोटर नुसती घुमली आणि फ्यूज घेऊन गेली.
दुसरी उलटी फिरली. आप्पा हसला,
दोन तारांची अदलाबदल केली, म्हणाला, चालस.
तिसरी कुणाच्या तरी विहिरीवर गेली
आणि परत आली नाही.
हे चांगलं की वाईट, आठवडाभर कळेना.

आईचा पंखा शेवटी मीच भरला.
फोन घरी ठेवून, ओठ हलवत.
तरी कुठल्याशा कॉइलला वेढे जास्त गेले,
की सगळ्यांनाच.
आई म्हणते, वारा लागत नाही रे याचा.
खोटं नाही. पाचावर टाकला तरी
पाती वेगळी दिसतात.

व्हिडिओ अजून आहेत, पुसले नाहीत.
सहाशे एकोणीस झालेत.
पण वहीत आता एक ओळ माझी आहे,
आप्पानं पेन पुढे केलं म्हणून लिहिली:
आईचा पंखा. चुकलं. अजून भरली नाही.
रात्री पत्रा निवत नाही, झोप येत नाही,
मी उताणा पडून बघतो,
एक, दोन, तीन,
एक, दोन.