उसना जीव

दुपारी दीड ते तीन शहापुरात गिऱ्हाईक फिरकत नाही.
झेरॉक्स मशीन निवत पडलेलं असतं
आणि मी ब्राउझरमध्ये तो जुना गेम उघडतो.
ना कॅसेट, ना तिच्यात मारलेली फुंकर.
झेडवर उडी, एक्सवर गोळी.
झेडचं अक्षर कधीच पुसून गेलंय.

इराप्पा ओरडायचा,
"जिगी ले, जिगी! बघत काय बसूलालास?"
उडी मला कन्नडमध्येच यायची.
अजूनही मनात जिगी म्हटल्याशिवाय
बोट हलत नाही.

त्याचा निळा, माझा लाल.
माझे तिन्ही जीव संपले की
बटण दाबून त्याचा एक उचलायचो, न विचारता.
तो शिवी हासडायचा,
आणि पुढच्या खेपेला मागे मागे राहून
एक जीव शिल्लक ठेवायचा.
मला वाटायचं, भित्रा आहे.

आता उद्यमबागेत, फाउंड्रीत. रात्रपाळी.
दुपारी झोपलेला असतो.
फोन करावा असंही काही नाही.

आज चुकून दोन खेळाडू निवडले गेले.
पुलापाशी सगळं अडलं:
निळा डाव्या कडेला नुसता उभा,
तो हलल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकेना.
गोळी लागते, पडतो,
लुकलुकत परत तिथंच उभा राहतो.

मग डावा हात त्याच्या बटणांवर ठेवला.
"जिगी," म्हणालो. हळूच.

काउंटरवर आधार कार्ड टेकवत
कुणी बाई म्हणाल्या,
"दोन्ही बाजू काढा हं.
एकाच कागदावर."