पायऱ्यांचा हिशेब

शताब्दीच्या स्मरणिकेत एक पान कोरं आहे.
मंदिराचा इतिहास हवा, बुधवारपर्यंत.
सचिव निखारे म्हणाले, तुमचं मराठी बरं आहे.

तांडापेठेतला मारोती, दोन पानठेल्यांच्या मधोमध.
शेंदराच्या रिकाम्या डब्यावर दानपेटी,
रस्त्यावरून खाली उतरायच्या तीन पायऱ्या.

फुलाबाई सोनकुसरे म्हणतात,
"खाली कायले? पाच पायऱ्या वर चढा लागे.
मी पाचवीवर बसून कांड्या भरो."
दोनदा विचारलं. पाचच.

म्हणजे देऊळ खचलं नाही.
आधी मुरूम आला, मग गिट्टी, मग डांबर,
दर निवडणुकीला एक थर,
शेवटी सिमेंट, हातभर जाड.
आठ पायऱ्यांएवढा रस्ता चढला,
मारोती होता तिथंच राहिला.
आता जुलैत घोटाभर पाण्यात असतो.
झिबल पुजारी धोतर खोचून
गंजानं पाणी उपसतो, स्तोत्र न थांबवता.

आतूनही थर चढतच होते.
शनिवार, तेल, शेंदूर. शनिवार, तेल, शेंदूर.
गिरणीचा भोंगा थांबला त्या उन्हाळ्यात
कवच सुटलं:
नाक, गदा, उचललेला हात,
सगळं एका पोपड्यात खाली.
ते नाग नदीत सोडायचं की कन्हानला न्यायचं,
यावर दोन बैठका झाल्या.
आतल्या दगडाबद्दल एकही नाही.

विटेएवढा, काळा.
कमरेला खाच, दोरीनं पडलेली.

फुलाबाईंनी तेव्हाच ओळखला होता.
"मागाचा दगड हाये थो. ताणा ताणाले बांधत.
माही आजेसासू सांगे,
साथीत तिचा मालक गेला,
माग मोडून चुलीत घातला, दगड कोन जाळन?
त्याच्या हाताचा होता. आंगनात ठेवला.
आपल्या कपाळाले लावता येईना,
तं त्याले कुकू लावे, रोज.
मंग येनारेजानारे बी लावाले लागले."

एवढं लिहून नेलं.
निखाऱ्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
आणि फुलाबाईंच्या परिच्छेदावर
पट्टी धरून लाल रेघ मारली.
"स्वयंभू लिहा. पाहुणे येतात, साहेब."

स्वयंभू लिहिलं.
पाच पायऱ्यांचं वाक्य तेवढं राहिलं,
त्यात कुणाला काही दिसलं नाही.

काल महापालिकेचा माणूस
टेप लावून गेला, खडूनं खुणा करून.
आणखी एक पायरी लागेल, म्हणाला.
झिबलनं विचारलं, वर की खाली?
तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.