उलटतपास

फ्लॅट त्याला. गाडी तिला.
मुलगी तिच्याकडे, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी त्याच्याकडे.
सोळा कलमं मीच टाइप केली, दोन प्रती जास्तीच्या.
सतरावं कलम कॉरिडॉरमध्ये बाकाखाली होतं,
सफरचंदाच्या खोक्यात, भोकं पाडलेल्या.
वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे जागा आहे ना?"
जागा. कर्वेनगर, तिसरा मजला, दीड खोली आणि मी.
हो म्हणून बसले.

रिक्षा म्हात्रे पुलावर अडकली तेव्हा
एका भोकात एक डोळा आला,
काळा, ओला, शर्टाच्या बटणाएवढा.
मग गेला.

सोबत चिठ्ठी. मिहिका, इयत्ता चौथी.
"तपकिरी ती ढोबळी. पांढरी ती पडवळ, पण ती लांब नाही.
दोघी मुली आहेत. चावत नाहीत.
घाबरल्या की दगड होतात.
मग तुम्हीपण दगड व्हा."

पहिला दिवस: दगड.
दुसरा दिवस: दगड. काकडी तशीच, कडा वाळलेल्या.
मिक्सर लावला तर दोन्ही दगड एकाच कोपऱ्यात घुसले,
एकमेकींच्या खाली.
दोघींनाही खालीच जायचं होतं.
चटणी रद्द केली.

बावीस वर्षं फॅमिली कोर्टात स्टेनो आहे.
साहेब सांगतात, लिहा:
साक्षीदार काही वेळ गप्प राहिला.
'काही वेळ' म्हणजे शॉर्टहँडमध्ये पेन्सिलीची एवढीशी वळणं.
घरी ते पाच दिवस चाललं.
पुरावा फक्त सकाळी मिळे:
बाटलीतलं पाणी दोन बोटं उतरलेलं,
वर्तमानपत्रावर लेंड्या, भाताच्या शितांसारख्या, काळ्या.
म्हणजे खातात. मी नसताना खातात.

रात्री नळीतली गोळी टकटक करायची,
अंधारात कुणी टायपिंग शिकत असल्यासारखी.
आणि झोपायच्या त्या डोळे उघडे ठेवून.
हे चिठ्ठीत नव्हतं.
दोनदा उठून पाहिलं, मेल्या की काय.

सहाव्या दिवशी जमिनीवर बसून सासवडचा मटार सोलत होते,
त्यांच्याकडे पाठ करून.
मागून कुणीतरी साल ओढलं.
मी वळले नाही. दगड.
मग कटकट कटकट, दातांवर दात.
मला वाटलं थंडी; जानेवारीच होता.
थंडी नव्हती. पडवळ सालाच्या फार जवळ आली होती.
राग होता तो, आणि किती स्वच्छ,
शपथपत्राशिवाय, तारखेशिवाय,
साल संपलं तसा संपला.

त्याच रात्री ढोबळीला काहीतरी झालं.
उभी होती ती सरळ वर उडाली,
हवेतच वाकडी झाली, पडली, पुन्हा उडाली.
शॉक लागल्यासारखी.
पावणेदहाला एरंडवण्याच्या डॉक्टरांना फोन.
ते हसले. "काही नाही हो. आनंद झालाय तिला."
फोन ठेवून बघत बसले.
जमिनीपासून चार बोटं वर,
काही कारण नाही, समोर कुणी नाही.
याला माझ्या वहीत खूण नाही.
एक काढून पाहिली. तीही जमिनीवरच राहिली.

चिठ्ठीची शेवटची ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती.
"बाबाच्या किल्ल्या वाजल्या की दोघी शिट्टी मारतात.
खूप मोठ्यांदा.
तुमच्याकडे बाबा आहे का?"

अकराव्या दिवशी, सहा वाजून वीस मिनिटं.
खांद्याला पर्स, काखेत कोथिंबिरीची जुडी,
दाराबाहेर उभी राहून किल्ल्यांचा जुडगा चाचपत होते.
आतून शिट्टी. मग दुसरी, तिच्याहून वर.
शेजारचे ओगले दार उघडून म्हणाले,
"कुकर राहिलाय का गॅसवर?"
नाही म्हटलं.
त्यांनी दार लावलं तरी मी तिथेच.

ही शिट्टी मला होती का?
असा प्रश्न साक्षीदाराला विचारता येत नाही.
सूचक प्रश्न. हरकत मान्य.

किल्ली सापडली होती.
मी जुडगा आणखी एकदा वाजवला.