कात

साक्रीच्या चर्चमागे कडुनिंबाखाली
रविवारी सात-आठ पोरं बसतात.
मी त्यांना शिकवतो. आठवडाभर डेपोत
एसटीचे ब्रेक, रविवारी शुभवर्तमान.

त्या दिवशी मार्कचा शेवटचा अध्याय होता.
विश्वास धरणाऱ्यांच्या खुणा काय काय असतील, त्याची यादी:
भुतं, नव्या भाषा, हातात साप,
विष पचवणं, आजाऱ्यावर ठेवलेला हात.
मी भरभर वाचलं,
ब्रेक गेलेली गाडी उतारावरून काढावी तसं.

एज्रा वसावे, तिसरीतला, नाक ओढत म्हणाला,
"सर, आपल्यात साप कोण धरतं?"
मागून कोणीतरी, "याचा बा धरतो, शेपटीला. मग आपटतो."
हसून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.
पुढल्या रविवारी सांगतो, म्हणालो.

घरी येऊन पान पुन्हा काढलं.
माझ्या प्रतीत त्या ओळी चौकोनी कंसात आहेत,
खाली बारीक टीप: जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत.
छापणाऱ्यालाही धीर झाला नसेल
ठेवायचा, की काढायचा.
मीही कंसातच राहतो. बरीच वर्षं.

भाषा म्हणाल तर धुळ्याच्या मोठ्या सभेत ऐकली.
मंडपभर माणसं
कुणालाच न कळणारं बोलत होती, डोळे मिटून, घामाघूम.
शेजारी ग्यारसीबाई, कोंडाईबारी घाटाखालची,
तोंडाला पदर लावून म्हणाली,
"आम्ही पहिल्यांदा तुमच्या दवाखान्यात आलो ना,
तवा आमची भिली तुम्हाला अशीच लागली असंल."

विष.
फिलिपभाऊ कपाशी फवारून आला
आणि हात न धुता भाकरीला बसला.
दुपारी अंगणात आडवा, तोंडाला फेस.
विश्वासात माझ्याहून पक्का माणूस.
वाचला. डॉक्टर जैन होते, रात्रभर उशाशी बसले.
आम्ही उपकारस्तुतीची सभा घेतली, जेवण घातलं.
डॉक्टरांना बोलवायचं राहून गेलं.

आणि हात.
हे लिहू नये.
सलोमीच्या पोटावर मी हात ठेवायचो,
नखांतलं ग्रीस कधी न निघालेला.
तिला वास यायचा. तरी म्हणायची, राहू दे.
काही झालं नाही.
म्हणजे जे व्हायचं ते झालं, पौषात, पहाटे.
मंडळीतल्या एकाने हळूच विचारलं,
विश्वास कमी पडला का, भाऊ?
कुणाचा, ते त्याने सांगितलं नाही.

शेवटी शेवटी ती सारखी विचारायची,
"देव शे ना?"
"शे," मी म्हणायचो.
इंजिन चालू आहे का, कोणी विचारावं
आणि आपण बॉनेटला कान न लावताच
हो म्हणून टाकावं, तसं.

गावाला लागून नदी आहे, तिचं नाव कान.
चैत्रानंतर नुसती वाळू.
संध्याकाळी पुलावर उभा राहतो.
एवढा लांब कान, आणि कोरडाठक.
तरी बोलून घेतो. सवय आहे,
सवयीखाली अजून काही असेल तर खणून पाहिलं नाही.
खाली बायका वाळूत झिरा काढतात,
वाटी वाटीने हंडा भरतात.
फार वेळ लागतो.

पुढल्या रविवारी उत्तर घेऊन गेलो.
चांगलं तयार केलं होतं, तीन मुद्दे, वहीत.
एज्राने त्याआधीच कंपासपेटी उघडली.
आत सापाची कात, घडी घातलेली,
डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टिकल्यांसकट.
"धरला होतास का रे?"
"नाही सर. तो निघून गेलता.
हे कुंपणाला होतं."

पोरं सरकत पुढे आली. एकेकाने बोट लावलं.
रूथ म्हणाली, "गरम आहे."
उन्हात ठेवली होती म्हणून, एवढं सांगायला
मी तोंड उघडलं,
आणि वही मांडीवर ठेवून
हात पुढे केला.