राळे

डॉक्टरांनी भात बंद केला,
म्हणजे निम्मा मीच बंद केला.
चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ:
राळे, कच्च्या भाज्या, चालणे.
चालायला वडगावची गल्ली पुरते.
राळ्यांसाठी रविवार पेठ गाठली.

दुकानदार म्हणाला, राळे? ते पाखरांचं खाणं.
मागून कुणीतरी म्हणालं, नवणी रे, नवणी पाहिजे त्यांना.
लगेच पोत्याचं तोंड उघडलं.
पिवळं धान्य, मोहरीएवढं,
मूठ आवळावी तसं बोटांतून पळणारं.
अर्धा किलो घेतलं.

घरी चन्नव्वाचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
मोरीत पाय घसरला त्याला आज अकरावा दिवस.
लग्नाला चौतीस वर्षं झाली
आणि मीठ कुठलं, पिठीसाखर कुठली
हे मला अजून चाखून कळतं.
ती खाटेवरून सांगते, मी करतो.
मराठीत सांगते तोवर सगळं ठीक.
बैलहोंगलची ती. चिडली की माहेरी जाते,
जागेवरून न उठता.

पहिल्या दिवशी पाणी चौपट पडलं.
राळ्यांचा झाला खळ,
ताण्याला लावावा असा.
"नीर जास्ती आत्,"
ती म्हणाली, भिंतीकडे तोंड करून, भिंतीला.
शेजारची नीलव्वा आली, पातेलंच उचलून घेऊन गेली.
ताक घातलं, लसूण ठेचला, अंबील केली
आणि दोन पेले परत पाठवले.
माझी चूक मी दोनदा मागून प्यालो.

दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, गल्लीतले माग मुके.
राळे धुतले. पाचव्या पाण्यात पातेल्याचा तळ दिसला.
जरासे परतले, वास सुटेपर्यंत.
वाटीला दोन वाट्या पाणी, झाकण, मंद आच.
आणि मग काहीच न करणं.
तेच फार जड गेलं.
तीनदा झाकणाकडे हात गेला,
तीनदा खाटेवरून खोकला आला.

परातीत पसरून निववले, वर चमचाभर तेल.
गाठी होत्या थोड्या.
त्या मात्र मला सोडवता आल्या.
तीस वर्षं तुटला धागा सांधतोय,
अंगठा आणि पहिलं बोट, दिवा नसला तरी.
इथं काम उलटं, एवढंच:
सांधायचं नाही, दाण्याला दाण्यापासून सुटं करायचं.
हाताला ते पटायला वेळ लागला.

काकडी चिरली. गाजर किसलं. मुळा पाल्यासकट.
मेथीची कोवळी पानं, हातानंच तोडलेली.
भिजली मूगडाळ, भाजके शेंगदाणे अर्धे कुटून.
खोबरं डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं;
चन्नव्वानं डाव्या हाताची दोन बोटं दाखवली,
दोन चिमटी घातलं.
मोहरी, हिंग, कढीपत्ता, ब्याडगी मिरचीचे तुकडे,
फोडणी चुर्र झाली तेव्हा
मी मागं सरकलो, ती हसली.
वरून कारळ्याची चटणी, लिंबू.
मीठ हातात घेतलं तर ओरडली:
आत्ता नको! काकडी पाणी सोडेल,
ताटात बसल्यावर घाल.

पुण्याहून वैजूचा फोन. फोटो पाठवला.
"बाबा, हे तर सॅलड!"
नीलव्वा खिडकीतून डोकावली:
कोसंबरी की, त्यात नवणी घातलेली.
दुकानदाराला विचारलं असतं तर
पाखरांचं जेवण म्हणाला असता.
चन्नव्वानं नाव ठेवलं नाही,
दोन्ही अर्थांनी.

पहिला घास मी भरवला.
तिनं बराच वेळ चावला,
राळे चावायलाच लागतात, गिळून चालत नाही.
"उप्पु," म्हणाली.
नुसता एक शब्द. कमी की जास्त, ते नाही.
मी मिठाचा डबा पुढं केला
(चाखून, खात्री करून),
तिनं मान हलवली
आणि डाव्या हातानं ताट स्वतःकडं ओढलं.

तेवढ्यात वीज आली.
गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले,
भिंती, भांडी, परातीतले उरलेले दाणे थरथरले.
त्या खटाखटीत ती आणखी काहीतरी बोलली,
कुठल्या भाषेत ते कळलं नाही.
ताट मात्र परत आलं नाही.
मी परातीतलं वेचून खाल्लं, उभ्यानं.