चार वळणं

शिकागोत घराच्या भिंतीतून वायर मोकळी नेता येत नाही.
लोखंडी पाइप हवा. घर कितीही जुनं असो.
आणि एका पेटीपासून पुढच्या पेटीपर्यंत
चार काटकोन, बस्स. पाचवा नाही.
लुत्सियानने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
"चार वळणांनंतर तार ऐकत नाही.
माणूसही नाही."
हे तो दर आठवड्याला सांगतो.

चॅथममधलं विटांचं घर, शंभरीला टेकलेलं.
बाहेर फेब्रुवारी. तळघरात मी,
आणि माझ्या डोक्यावर पाच पाइपांची तोंडं,
रंगाचे थर चढून बुजत आलेली.
कुठलं तोंड कुठल्या खोलीत उघडतं
ते ठाऊक असलेला माणूस
चिठ्ठी न ठेवता गेला.

वरच्या मागल्या खोलीतला दिवा लुकलुकतो
म्हणून ओडेसा पेटवेबाईंनी आम्हाला बोलावलेलं.
लुत्सियानने वरून जुनी तार ओढली.
हातभर आली आणि तुटली.
कापडाच्या खालचं रबर
करपल्या पोळीच्या कडेसारखं चुरलं, म्हणाला.
मी खाली मीटर लावून बघते,
पण तुटलेली तार मीटरशी बोलत नाही.

"यारेत्झी, कुठला?"
"माहीत नाही."
"कुठला पाइप, पोरी?"
"पाच आहेत, मला माहीत नाही!"

मग वर काहीतरी सरकवल्याचा आवाज.
बाई म्हणाल्या, तुम्ही जरा बाजूला व्हा.
एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या बँडला
ट्रॉम्बोन शिकवला होता, हे मला नंतर कळलं.
तेव्हा फक्त एवढंच, की पहिल्या पाइपाला कान लावला,
गार. दुसरा, गार.
तिसऱ्यात कुणीतरी
खूप लांबून, ओठ मिटून, गुणगुणत होतं.

मी काही क्षण सांगितलंच नाही.
कान तिथेच ठेवला.
गंजाचा वास, आणि तो एकच खालचा स्वर
भिंतीच्या आतून उतरत येतोय,
मधे श्वास घेतोय, पुन्हा येतोय.
मग ओरडले, "तिसरा!"

उरलेली तार खालून निघाली.
पोलादी फीत आत सारली.
एक वळण. दोन. तीन. चौथ्याला जरा कुरकुर.
आणि मग धडक.
लुत्सियान खाली आला, त्याने ढकलून पाहिलं,
पोलिशमध्ये त्या पाइपाच्या आईबद्दल काहीतरी बोलला.
पाचवं वळण.
कुणी केलं? कशाला? सपाट तर भिंत आहे.

बाई जिन्यातच उभ्या होत्या.
"तिथे खिडकी होती," म्हणाल्या.
"आम्ही आलो तेव्हाच बुजवलेली.
उन्हाळ्यात तेवढ्या चौकोनाला गिलावा वेगळा सुकतो."

म्हणजे त्या माणसाने खिडकीला वळसा घातला.
खिडकी गेली, वळसा राहिला.
लुत्सियानने टोपी काढून डोकं खाजवलं.
नियम त्याने मोडला होता,
पण उजेड अडवला नव्हता.

फितीचं टोक वाकवलं, मेण चोपडलं,
अकराव्यांदा ती फिरली.
काळी, पांढरी, हिरवी, तिन्ही बांधून दिल्या.
"ओढ." "थांब." "ओढ." "सोड थोडी."
वीस मिनिटं आम्ही एकमेकांना न बघता
एवढंच बोलत होतो,
आणि घरी मी वडिलांशी
इतकं नीट कधी बोललेली नाही.

दिवा लागला. बाईंनी मान हलवली.
कॉफी दिली, ती फारच कडू होती.

जुनी तार ट्रकमध्ये टाकली.
तांबं भंगारात जाईल, पौंडामागे चार पैसे.
सरळ करायला गेले तर होईना.
जिथे जिथे ती भिंतीत वळली होती
तिथे तिथे वाकलेलीच राहिली,
पाचही ठिकाणी.
मी ती तशीच ठेवली, पायांशी,
आणि सिग्नलला ट्रक थांबला की
ती थोडी हलायची.